माहेरी जाताना कोण लस घेतं?



पुढच्या महिन्यात, म्हणजे ऐन पावसाळ्यात, मी मुंबईला निघाले आहे. मधुमेहाच्या रुग्णांची देखभाल करणाऱ्या परिचारिकांची तीन दिवसांची परिषद तिथे भरते आहे आणि तीत वीस मिनिटं बोलायचं निमंत्रण मला आलं आहे. विषय माझ्या आवडीचा : मधुमेही माणसाचे पाय. अश्दोदच्या कुपात होलीममध्ये ३१ वर्षं पाय तपासले, जखमा धुतल्या, आपल्या आजी-आजोबांना अनवाणी फिरू नका म्हणून मराठीत रागावले, त्याचंच हे बक्षीस समजते.

निमंत्रण आल्यापासून ओळखीच्या बायका विचारतात, "साड्या कुठल्या नेणार? भाषण लिहून झालं का?" भाषण लिहून झालं आहे. साड्याही काढून ठेवल्या आहेत. पण माझ्या तयारीच्या वहीत पहिल्या पानावर या दोन्ही गोष्टी नाहीत. तिथे लिहिलं आहे : डास, पाणी, इन्सुलिन, पाय. ही वही मी का घातली, ते आधी सांगते. सांगायला थोडी लाज वाटते, पण या पानावर तुम्हांला उपदेश करायचा आणि स्वतःची चूक लपवायची, हे बरं नव्हे.

२०१७च्या ऑगस्टमध्ये माझी थोरली बहीण आजारी पडली, म्हणून आम्ही दोघं घाईघाईने ठाण्याला गेलो. तिला बरं वाटल्यावर चार दिवस अलिबागजवळच्या आमच्या गावी राहिलो. निघण्यापूर्वी दवाखान्यातल्या एका सहकारी बाईने विचारलं होतं, "लसी घेतल्या का? मलेरियाच्या गोळ्या?" मी हसले. म्हटलं, "अगं, माहेरी जाताना कोण लस घेतं? आम्ही तिथलं पाणी पिऊनच वाढलो."

परत आल्यावर अकराव्या दिवशी ह्यांना थंडी वाजून ताप आला. मी म्हटलं, एअरकंडिशनचा गारठा बाधला असेल. अकामोल दिली. ताप उतरला, पुन्हा चढला. तीन दिवस मी अकामोलच देत राहिले. चौथ्या दिवशी लघवी कमी आणि काळपट झाली, आणि हे माझ्याशी असं बोलू लागले जणू आम्ही अजून भायखळ्याच्या चाळीत राहतो. इस्पितळात एका तरुण डॉक्टरने पहिलाच प्रश्न विचारला, "गेल्या काही महिन्यांत परदेशी गेला होता का?" तासाभरात रक्ताचा निकाल आला : फाल्सिपेरम मलेरिया, आणि त्याचा मूत्रपिंडांवर परिणाम. बारा दिवस इस्पितळात, त्यांतले चार अतिदक्षता विभागात. देवाच्या दयेने हे बरे झाले. मला कधी एका शब्दाने बोलले नाहीत. पण घरात परिचारिका असून तीन दिवस फुकट गेले, हे मी विसरू शकत नाही.

शरीर विसरतं

आपल्यापैकी पुष्कळांचा असा समज आहे की आपण भारतात जन्मलो म्हणून तिथले रोग आपल्याला होत नाहीत. हा समज मोठा धोक्याचा आहे. मलेरियाच्या बाबतीत शरीराला जी थोडीफार प्रतिकारशक्ती येते, ती अर्धवट असते, आणि डास वारंवार चावत राहिले तरच टिकते. देश सोडून काही वर्षं झाली की ती ओसरते. चाळीस-पन्नास वर्षं इस्रायलमध्ये काढलेलं शरीर मुंबईच्या डासाला परकंच असतं. आणि नातवंडं तर इथेच जन्मली, त्यांच्याकडे ती कधी नव्हतीच.

उलट पाहुण्यासारखा हॉटेलात राहणारा माणूस सावध असतो. आपण नातेवाइकांकडे राहतो, गावी जातो, संध्याकाळी ओटीवर बसतो, हातात दिलेला पाण्याचा पेला नाही म्हणत नाही. म्हणजे धोका आपल्याला जास्त, आणि तयारी मात्र कमी.

सहा ते आठ आठवडे आधी

सगळ्यांत आधी मिरपाआत मेतायलिममध्ये, म्हणजे प्रवाशांच्या दवाखान्यात, वेळ ठरवावी. कुपात होलीमकडे ही सोय असते, काही ठिकाणी लिश्कात हाब्रिउतमध्येही असते. जाताना आपल्या आजारांची, औषधांची आणि पूर्वीच्या लसींची यादी न्यावी. कुठल्या महिन्यात जाणार, शहरातच राहणार की गावीही जाणार, किती रात्री, हे नीट सांगावं. सल्ला त्यावर ठरतो.

माझ्या बाबतीत असं ठरलं :

टायफॉइडची लस टोचून घेतली. ही निघण्यापूर्वी निदान दोन आठवडे घ्यावी, म्हणजे अंगात ताकद यायला वेळ मिळतो.

कावीळ 'ए' साठी आधी रक्त तपासलं. आपल्या पिढीतल्या पुष्कळांना ही कावीळ लहानपणी नकळत होऊन गेलेली असते आणि तिची प्रतिकारशक्ती मात्र टिकते. मलेरियासारखं इथे नाही. माझ्या रक्तात ती निघाली, त्यामुळे लस लागली नाही. पण तुमच्या मुलांचं तसं धरू नका. इस्रायलमध्ये लहान मुलांच्या नेहमीच्या लसींत ही लस १९९९ पासून आहे. त्याआधी इथे जन्मलेल्यांनी आपलं कार्ड पाहून विचारावं.

धनुर्वाताच्या लसीला दहा वर्षं उलटली होती, तीही घेतली.

मलेरियाच्या गोळ्या मुंबईला जाणाऱ्या प्रत्येकाला देतातच असं नाही. मी पावसाळ्यात जाते आहे आणि परिषदेनंतर दोन रात्री गावी राहणार आहे, म्हणून डॉक्टरांनी मला दिल्या. माझी गोळी रोज एक, जेवणानंतर घ्यायची आहे. निघण्याच्या एक-दोन दिवस आधी सुरू करायची आणि परत आल्यावरही सात दिवस चालू ठेवायची. गोळीचं नाव मुद्दाम लिहीत नाही. मूत्रपिंडं, हृदय, इतर औषधं पाहून ती निवडतात. शेजारणीची उरलेली गोळी घेऊन जाऊ नका.

कागद

आपलं औषधपत्र हिब्रूत असतं. दादरच्या औषधवाल्याला ते वाचता येणार नाही, हे साधं आपल्या लक्षात येत नाही. म्हणून डॉक्टरांकडून एक इंग्रजी पत्र घ्यावं. त्यात आजार, औषधांची मूळ नावं आणि मात्रा असाव्यात. मूळ नावं यासाठी की कंपनीची नावं देशोदेशी वेगळी. आपली अकामोल तिकडे पॅरासिटामॉल म्हणून मागावी लागते. सुया आणि इन्सुलिन सोबत आहे, असंही पत्रात असावं, म्हणजे विमानतळावर प्रश्न आला तर उत्तर तयार. पत्राचा फोटो फोनमध्ये आणि एक प्रत दुसऱ्या पिशवीत ठेवावी.

दुसरा कागद प्रवासाच्या विम्याचा. कुपात होलीम परदेशातल्या इस्पितळाचं बिल भरत नाही. विमा घेताना मधुमेह, रक्तदाब, हृदयाला घातलेली स्प्रिंग, सगळं सांगावं, चार शेकेल जास्त पडले तरी. लपवलेला आजार नेमका तिथे उसळला तर कंपनी हात वर करू शकते.

इन्सुलिनचं गणित

मला स्वतःला मधुमेह आहे हे नेहमीच्या वाचकांना ठाऊक आहे. रात्री दहाला मी चोवीस तास चालणारं इन्सुलिन घेते. उन्हाळ्यात मुंबईचं घड्याळ आपल्यापुढे अडीच तास असतं, हिवाळ्यात साडेतीन. माझ्या डॉक्टरांनी मला असं लिहून दिलं : पहिल्या रात्री मुंबईच्या साडेबाराला, म्हणजे आपल्याच दहाला. दुसऱ्या रात्री साडेअकराला, तिसऱ्या रात्री साडेदहाला. हे माझ्यापुरतं. दिवसातून तीन-चार वेळा घेणाऱ्यांचं गणित वेगळं असतं, ते आपल्या डॉक्टरांकडून कागदावर लिहून घ्यावं.

इन्सुलिन कधीही सामानाच्या बॅगेत टाकू नये. ती बॅग हरवू शकते, आणि विमानाच्या पोटात इन्सुलिन गोठलं तर ते वाया गेलं. हातातल्या पिशवीत ठेवावं, आणि लागेल त्याच्या दुप्पट न्यावं. फ्रिजमध्येही बर्फाच्या कप्प्याला टेकवू नये. गावी वीज गेली तर माझी आई लोणी ठेवायची तशी युक्ती आहे : मातीचं मडकं बाहेरून ओलं करायचं, आत कोरड्या डबीत इन्सुलिन ठेवायचं. पावसाळ्याच्या दमट हवेत मडकं उन्हाळ्याइतकं गार होत नाही, पण तापलेल्या खोलीपेक्षा बरं. साखर तपासायच्या पट्ट्यांच्या डबीचं झाकण मात्र लगेच घट्ट लावावं. दमट हवेने पट्ट्या बिघडतात आणि आकडा खोटा येतो.

आता एक गोष्ट, जी मी प्रत्येक मधुमेही प्रवाशाला दोनदा सांगते. भारतात इन्सुलिनच्या बाटल्या पुष्कळदा ४० युनिटच्या मिळतात, म्हणजे एका मिलिलिटरमध्ये ४० युनिट. आपल्याकडे १०० युनिटचं असतं. दोन्हींच्या सिरिंजा वेगळ्या : ४०च्या सिरिंजला लाल टोपण, १००च्या सिरिंजला नारिंगी. ४०च्या बाटलीतलं औषध १००च्या सिरिंजने घेतलं तर निम्म्याहूनही कमी मात्रा अंगात जाते. उलट केलं तर अडीचपट जाते आणि माणूस बेशुद्ध पडू शकतो. आपलं इन्सुलिन हरवलंच तर तिथे पेनचं कार्ट्रिज मागावं, ते १०० युनिटचंच असतं. बाटली घ्यावीच लागली तर सिरिंज त्याच दुकानातून, त्याच आकड्याची घ्यावी.

विमानात आणि सभागृहात

चार तासांहून लांबच्या प्रवासात एका जागी बसून राहिलं तर पायाच्या शिरेत रक्ताची गुठळी होण्याचा धोका वाढतो. पूर्वी गुठळी झालेली असेल, नुकतीच शस्त्रक्रिया झाली असेल, कर्करोगाचे उपचार चालू असतील, तर आधी डॉक्टरांना विचारावं. बाकीच्यांनी दर तासाला घोटे फिरवावेत, उठून चालावं, पाणी प्यावं. घट्ट मोजे मात्र मधुमेह्याने स्वतःच्या मनाने घालू नयेत. पायाचा रक्तपुरवठा कमी असेल तर ते इजा करतात. माझे पाय तपासून घेतले, मगच मोजे घेतले.

परिषदेत बसणं ही तर बसण्याची शिक्षाच. दहाचा चहा अकराला येतो, एकचं जेवण अडीचला. पाहुण्यांची भाषणं लांबली की इन्सुलिन घेतलेल्या माणसाची साखर उतरते. म्हणून माझ्या पर्समध्ये ग्लुकोजच्या गोळ्या असतीलच. हात थरथरले, घाम आला, बोलताना शब्द सापडेनासे झाले, तर लाजू नये. १५ ग्रॅम साखर घ्यावी, म्हणजे तीन चमचे, किंवा अर्धा पेला फळांचा रस. १५ मिनिटांनी पुन्हा तपासावं. माझं बोलणं शुक्रवारी सकाळी पहिलं ठेवा, अशी विनंती मी केली होती. शब्बाथ हे एक कारण, आणि न्याहारीनंतर साखर ठिकाणावर असते हे दुसरं. दोन्ही कारणं त्यांनी मान्य केली.

परिषदेला नवे बूट घालून जाऊ नये. ज्यांच्या तळव्यांची जाणीव कमी झाली आहे, त्यांना चावलेला बूट कळतच नाही. मी दोन जोड नेते आहे, दोन्ही वापरलेले, म्हणजे एक भिजला तर दुसरा कोरडा. रोज रात्री तळवे आरशात पाहीन, बोटांच्या मधली जागा पुसून कोरडी करीन. मुंबईत पाणी तुंबलं तर त्यातून चालत जायचं नाही, परिषद चुकली तरी चालेल. त्या पाण्यात उंदरांची लघवी असते आणि पायाच्या बारीकशा चिरेतून लेप्टोचे जंतू आत शिरतात. चालावंच लागलं, तर पाय साबणाने धुऊन त्याच दिवशी किंवा दुसऱ्या दिवशी डॉक्टरांना सांगावं. प्रतिबंधक औषध देता येतं.

पाणी आणि पोहे

हा भाग सगळ्यांत अवघड, कारण इथे माणसं दुखावतात.

गावी माझ्या ताईने मलिदा ठरवला आहे. मी परिषदेत बोलणार म्हणून तिला कोण आनंद! मलिद्याचे पोहे आपण कच्चेच भिजवतो, शिजवत नाही. वर ओलं खोबरं, कापलेली फळं. म्हणजे पाणी जसं, तसा मलिदा. मी फोनवर चाचरत म्हटलं, "ताई, पोहे उकळून गार केलेल्या पाण्यात भिजवशील का? आणि फळं त्याच पाण्याने धुऊन, आयत्या वेळी काप."

ती थोडा वेळ गप्प राहिली. मग म्हणाली, "आता तुला आमचं पाणी चालत नाही होय?"

मी तिला ह्यांच्या आजाराची गोष्ट पहिल्यांदा पूर्ण सांगितली. इतकी वर्षं सांगितली नव्हती. ती आजारी होती म्हणून आम्ही आलो होतो, आणि तिथूनच दुखणं घेऊन गेलो, हे कळून तिला वाईट वाटलं असतं. तिला वाईट वाटलंच. पण दोन दिवसांनी तिचा फोन आला, "मोठं पातेलं काढून ठेवलंय. मिनिटभर खळखळ उकळू दिलं की पुरे ना?" मी म्हटलं, "पुरे."

तेव्हा वाचकहो, आधी फोन करून सांगावं. दारात उभं राहून पेला परत करण्यापेक्षा ते बरं. बाकी नियम सोपा : वाफ निघत असलेलं अन्न खावं, स्वतः सोललेलं केळं खावं. कोशिंबीर, हिरवी चटणी, बर्फ, कापून ठेवलेली फळं टाळावीत. दात घासायलाही बाटलीचं पाणी घ्यावं. जुलाब लागलेच तर क्षारसंजीवनीची पुडी, ती नसेल तर एक लिटर शुद्ध पाण्यात सहा सपाट चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ. मधुमेह्यांनीही हे घ्यावं, साखर तपासत राहावं. जुलाबात रक्त पडलं, ताप आला किंवा काहीच पोटात ठरेना, तर डॉक्टर. महाराष्ट्रात रुग्णवाहिकेसाठी १०८ हा नंबर लावतात. आपल्या १०१ ची सवय तिथे उपयोगाची नाही.

डासांचं सांगायचं तर मलेरियाचा डास रात्री चावतो, डेंग्यूचा दिवसा. म्हणून मलम दोन्ही वेळा लावायचं, आणि उन्हाचं मलम आधी, डासांचं नंतर. डेंग्यूला आपली मलेरियाची गोळी चालत नाही. ताप आला तर तिथे अ‍ॅस्पिरिन किंवा आयबुप्रोफेन घेऊ नये, रक्तस्राव होऊ शकतो. पॅरासिटामॉलच घ्यावी. हृदयासाठी रोजची अ‍ॅस्पिरिन चालू असेल तर ती बंद करायची की नाही, हे डॉक्टर ठरवतील.

परत आल्यावर

तयारीच्या वहीचं शेवटचं पान परतल्यानंतरचं आहे, कारण आम्ही तिथेच चुकलो. परत आल्यावर तीन महिन्यांत केव्हाही ताप आला, तर तो सर्दीचा आहे असं स्वतः ठरवू नये. त्याच दिवशी डॉक्टरांकडे जाऊन पहिलं वाक्य हे बोलावं : "मी भारतातून आले आहे, मलेरियासाठी रक्त तपासा." पहिली तपासणी निर्दोष आली आणि ताप हटला नाही, तर पुन्हा तपासायला सांगावं. एकदा न दिसलेले जंतू दुसऱ्या वेळी दिसतात. मलेरियाचा एक प्रकार कित्येक महिन्यांनीही डोकं वर काढतो, म्हणून पुढे वर्षभर तापात हे वाक्य लक्षात ठेवावं. गोळ्या घेतल्या असल्या तरी.

ह्यांनी मात्र या वेळी येणार नाही म्हणून सांगितलं. "तू जा, बोल, ताईला भेट. मी इथे बरा आहे." त्यांच्या औषधांची सात खणांची डबी मी भरून ठेवली आहे, सूनबाई रोज संध्याकाळी येऊन पाहील. मला वाटलं, माझ्या या सगळ्या खटाटोपाकडे त्यांचं लक्ष नसेल. काल बॅग उघडली, तर साड्यांच्या वर घडी करून ठेवलेली मच्छरदाणी होती. कुठल्या दुकानातून आणली, त्यांनी सांगितलं नाही. एवढंच म्हणाले, "अगं, ती गोळी आल्यावरही सात दिवस घ्यायची आहे ना? मी कॅलेंडरवर लिहून ठेवलंय."

परिषदेत काय ऐकलं, ते आल्यावर या पानावर सांगेनच. तोवर पाय जपा, आणि दिवाळीत किंवा सुट्टीत भारतात जाणार असाल, तर आजच दवाखान्यात फोन करून वेळ घ्या.